वाऱ्याकडे पाठ

"पाण्यात पडणारा माणूस आधी चड्डी बदलून मग पडत नाही," हे सरांचं वाक्य तळ्यावर पोहायला शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी ऐकायचा आणि पहिल्याच दिवशी त्यावर हसायचा. काकू तेवढ्या हसत नसत. सर त्यांचे यजमान, त्यामुळे घरातले आणि तळ्यावरचे सगळे विनोद त्यांना तोंडपाठ. सर 'पाण्यात' एवढं म्हणाले की त्या पिशवीतून टॉवेल काढायला लागायच्या.

वाक्य मात्र खरं होतं. लाँचवरचा खलाशी तोल जाऊन पडतो तो पँट, शर्ट, बूट आणि खिशातल्या किल्ल्यांसकट पडतो. जलाशयाच्या भिंतीवर काम करणारे गवंडी, पाण्याची खोली मोजत फिरणारे लोक, सगळ्यांचं तेच. म्हणून सर कपड्यांसकट पोहायला शिकवायचे. लाँच चालवणारी कंपनी आपली माणसं त्यांच्याकडे पाठवायची, बाकीचे आपल्या पायांनी यायचे. ओली पँट पायांना कशी ओढते, शर्टात हवा भरून कसं तरंगायचं, बूट कधी काढायचे आणि कधी मुळीच काढायचे नाहीत, हे सर काठावरच्या दगडावर उभे राहून घसा फोडून सांगायचे.

आणि वारा. त्या तळ्याला वारा समोरून यायचा, मोकळ्या पाण्यावरून थेट काठावर. ऊन वर आलं की सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत थांबायचं नाव घ्यायचा नाही. पाण्यात असेपर्यंत त्याचं काही वाटत नाही. अंगालगत घट्ट कपडा असला की मधलं पाणी अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तेच पांघरूण होतं. खरी गंमत बाहेर आल्यावर. ओला कपडा आणि त्यावर वारा, म्हणजे माणूस उभ्या उभ्या गारठतो. आणि गारठणं तिथंच संपत नाही. बाहेर आल्यावरही अंग बराच वेळ आतून थंड होत जातं. हुडहुडी भरते ती नंतर, आता सुटलो असं वाटल्यावर.

क्लास नवा होता तेव्हा लाँचचा एक ड्रायव्हर, चांगला आडदांड गडी, असाच बाहेर आला आणि बटण काढता येईना म्हणून रडकुंडीला आला. ओठ निळे, दात वाजताहेत, बोटं लाकडाची. काकू तेव्हा लहानग्या लेकीला घेऊन काठावर चादर टाकून बसलेल्या असायच्या, नुसत्या बघायला. त्या उठल्या, बुडाखालची चादर ओढली आणि वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हात फाकवून, ती त्याच्यासमोर धरली. ड्रायव्हर तिच्या आडोशाला उकिडवा बसला, वरचे कपडे आधी उतरवले, अंग कोरडं केलं, टोपी घातली, माणसात आला. रात्री जेवताना सर म्हणाले, "ही कल्पना चांगली आहे. आपण रोज असंच करायचं." घरात 'आपण' म्हणजे कोण, हे काकूंना लग्न झाल्या झाल्याच कळलं होतं.

काकू घरी शिवणकाम करायच्या. मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उजेडासाठी. एका डोळ्याने टीप आणि दुसऱ्याने दूध. नुसती चादर वाऱ्यावर फडफडते म्हणून त्यांनी आडोसा नीट शिवला. आतून घोंगडी, बाहेरून रेनकोटचं तपकिरी कापड, खालच्या पट्टीत खडी भरलेली, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना हात घालायला खिसे. त्या लाँचवाल्यांचे कपडेही सुधारून द्यायच्या. आत अंगाला चिकटून लोकरी बनियन, त्यावर घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला आणि घोट्याला बंद, सगळ्यांच्या वर पातळ रेनकोट आणि त्याला पट्टा. सैल कपड्यात हात मारला की दर वेळी गार पाणी आत शिरतं आणि कमावलेली ऊब धुऊन जाते. सरांचं नाव पंचक्रोशीत झालं ते या सगळ्यामुळे. काकूंचंही झालं. त्यांना सगळे आडोसाकाकू म्हणायला लागले.

लग्न ठरलं तेव्हा सर काय म्हणाले होते, तर तुला पोहायला शिकवीन. बाकी बढाया त्यांनी मारल्या असतील नसतील, पण हे एक काकूंनी मनात पक्कं धरलं होतं. आणि पहिल्या वर्षी त्यांनी शिकवलंही. सरांचा जुना शर्ट आणि घोट्याशी बांधलेली पँट घालून काकू बेडकासारखे हातपाय मारत, नवशिक्यांच्या हद्दीला बांधलेल्या दोरीच्याही पलीकडे जायला लागल्या. दम चांगला होता. सर म्हणायचे, अगं, तू तर माझ्या गड्यांना मागे टाकशील. तळ्यात आत एक लाल पिंप नांगरून ठेवलेलं होतं. वारा असताना, अंगावर पूर्ण कपडे घालून, त्या पिंपाला हात लावून परत यायचं, ही क्लासची शेवटची परीक्षा. ती देऊन आलेला माणूस आडोशात बसायचा आणि सर त्याच्या हातात थर्मासमधला गोड चहा द्यायचे. काकूंना तेवढंच हवं होतं. पिंपाला हात लावायचा, आणि परत येऊन, आपल्यासाठी धरलेल्या आडोशात बसून चहा प्यायचा.

मग लेक झाली, मग चादर आली, आणि काकू काठावरच्या झाल्या त्या झाल्या. दर हंगामात सर म्हणायचे, "यंदा तू जा. मी धरतो." आणि दर हंगामात काही ना काही निघायचं. कधी नवी तुकडी, कधी सरांचा घसा, कधी कुणाला ताप. सर खोटं बोलत नव्हते. म्हणताना त्यांना ते मनापासून वाटायचं, आणि विसरतानाही ते मनापासूनच विसरायचे.

आडोसा धरायचा म्हणजे तळ्याकडे पाठ. आणि आडोशापलीकडे माणूस कपडे बदलतोय, तेव्हा त्याच्याकडेही बघायचं नाही. मग उरतं काय, तर आडोशाच्या वरून समोर दिसणारी पंपघराची भिंत. सारा जन्म तळ्यावर काढून काकूंनी तळं कमी पाहिलं आणि भिंत जास्त. कुठे पोपडे निघालेत, गंजक्या पाइपाचा ओघळ कुठवर आलाय, फटीतलं झुडूप केव्हा वाळतं, सगळं त्यांना पाठ होतं. लेक सात-आठ वर्षांची असताना आडोशात कपडे बदलताना तिने विचारलं होतं, "आई, तू सगळ्यांच्या मागे उभी राहतेस. तुझ्यामागे कोण उभं राहतं?" काकू हसून म्हणाल्या होत्या, "माझ्यामागे तळं आहे." लेकीला ते तेव्हा फार आवडलं होतं. मोठी झाल्यावर ती त्या उत्तराला हसेनाशी झाली.

उजवा खांदा आखडला तो कायमचा. डॉक्टरांनी विचारलं, थंडीवाऱ्यात उभं राहायचं काम आहे का? काकू म्हणाल्या, तसं काम असं नाही. त्यावर सर बाहेर आल्यावर म्हणाले, रात्री शेकत जा. शेकायची पिशवी त्यांनी स्वतः आणून दिली, हेही सांगायला हवं.

सरांचे नियम कडक. त्यातला सर्वांत कडक म्हणजे, ओल्या अंगाने एक पाऊलही इकडेतिकडे चालायचं नाही, जिथं बाहेर याल तिथंच बदलायचं. माणसं बदलायला बसली की सरांचा तेवढा वेळ मोकळा. "पंपाकडे जाऊन येतो," म्हणायचे आणि जायचे. पंपवाल्याशी त्यांची दोस्ती, आणि पुरुषमाणूस उठून कुठं गेला तर कशाला गेला म्हणून विचारायची पद्धत काकूंना नव्हती. पाचदहा मिनिटांनी गालांवर रंग घेऊन, हात चोळत, खुशीत परत यायचे. काकूंचे हात तोवर खांद्यापासून बधिर झालेले असायचे.

हे असं चाललं असतं तर चाललंच असतं. पण शहरात बंद तलाव झाला. छप्पर, काचा, कोमट पाणी. कंपनीने आपली माणसं तिकडे पाठवायचं ठरवलं. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वाऱ्याशिवाय काय डोंबल शिकणार, म्हणून ते चार दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. कंपनी त्यातल्या त्यात सभ्य. त्यांनी कळवलं की शेवटच्या दिवशी साहेब तळ्यावर येतील, फोटोवाला आणतील, सरांचा छोटासा सत्कार करतील.

त्या रात्री लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "आई, ते पिंप अजून आहे ना? मग आता नाही तर कधीच नाही." काकूंनी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं की शेवटच्या दिवशी मी पाण्यात जाणार आहे, आडोसा तुम्ही धरायचा. वाटलं होतं, काहीतरी निघेल. पण सर पेपरातून मान वर काढून म्हणाले, "त्यात काय? मी धरतो. तू जा."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचे पाण्यातले कपडे शिवले. जुन्या स्वेटरचं बनियन उसवून, आवळून, दोनदा घालून बघितलं. शर्टाच्या मनगटांना इलॅस्टिक घातलं. पँट घोट्याशी बंद केली, पायमोजे त्यावर ओढले. लोकरी टोपीवर रबरी टोपी. सगळ्यांत वर रेनकोट. त्याचा पट्टा मात्र लाल घेतला. एवढी हौस त्यांनी केली. कोरड्या कपड्यांची पिशवी त्यांनी इतरांसाठी भरत तशीच भरली, पहिल्यांदा लागणारं सर्वांत वर.

शेवटच्या दिवशी वारा नेहमीसारखाच होता. साहेब अजून यायचे होते. जुना ड्रायव्हर, तोच रडकुंडीला आलेला, आता केस पांढरे झालेला, इस्त्रीचा गणवेश घालून सत्काराला आला होता. सरांनी आडोसा खांद्यावर टाकला आणि काकूंना म्हणाले, "खांदे पाण्याखाली ठेव. घाई करू नको. मी आहे."

पाण्याने आधी श्वासच हिसकावून घेतला. काकू गळ्यापर्यंत पाण्यात तशाच उभ्या राहिल्या, श्वास ताळ्यावर येईपर्यंत. मग कपड्यांत शिरलेलं पाणी हळूहळू गार लागेनासं झालं. ऊब येते येते म्हणून त्या लोकांना सांगायच्या, ती मापाच्या कपड्यांत खरंच येते हे त्यांना आत्ता कळलं. वारा तोंडावर होता. हात पाण्याबाहेर काढायचे नाहीत, हनुवटी खाली, लाट आली की तोंड बाजूला. आखडलेला खांदा सुरुवातीला कुरकुरला आणि मग त्यानेही जुळवून घेतलं. दोरी मागे पडली. तळं एवढं मोठं आहे आणि आपण इतकी वर्षं त्याला पाठ दाखवून उभे होतो, याचा त्यांना मनस्वी राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं.

पिंपाला हात लावला. पलीकडच्या बाजूला लाल रंग उरलाच नव्हता, नुसता गंज. काकूंनी त्याला धरून मागे वळून पाहिलं. काठ लहानसा दिसत होता आणि त्यावर, अगदी नेमक्या जागी, तपकिरी पट्टा. मधोमध सरांची पाठ. सरांनी आडोसा आत्तापासूनच धरला होता.

काकूंच्या मनात आलं, अजून यायला किती अवकाश आहे, आणि हा माणूस आत्तापासून हात फाकवून उभा. यांना सवय नाही, हात भरून येतील, पाठ गार पडेल. सगळं आयुष्य आपण मनातल्या मनात यांना बोल लावला, आणि हे बघा. घाई करू नको असं सांगितलेलं असताना काकूंनी घाई केली. वारा आता पाठीशी होता, तोही ढकलत होता. डोळे त्या तपकिरी पट्ट्यावर ठेवून त्या हातपाय मारत राहिल्या, दम लागला तरी.

पाय जमिनीला टेकले. रेनकोटातून पाणी निथळत त्या काठावर आल्या आणि आडोशाला वळसा घालून पुढे गेल्या.

आडोशात ड्रायव्हर बसला होता. कोरडा, इस्त्रीच्या गणवेशात, उकिडवा, छातीशी हात घेऊन कुडकुडल्याचं सोंग करत. समोर कंपनीचे साहेब आणि गुडघ्यावर बसलेला फोटोवाला. सगळे हसत होते. सर मान ताठ करून आडोसा पसरून उभे होते. त्यांनी काकूंना पाहिलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "एवढा फोटो होऊ दे."

ड्रायव्हर बिचारा उठायला लागला, तर फोटोवाल्याने त्याला खाली बसवलं. काकू थांबल्या. थांबायची सवय होती. एकाचे चार फोटो झाले. हात जरा वर, सर, इकडे बघा, अजून एक. मग साहेबांनी विचारलं की हे सुचलं कसं, आणि सर सांगायला लागले, की एके दिवशी एक माणूस बटण काढता येईना म्हणून रडकुंडीला आला आणि माझ्या डोक्यात एकदम कल्पना आली. थर्मास साहेबांच्या हातात होता. ड्रायव्हर खाली मान घालून बसून राहिला. त्याला सगळं आठवत होतं, पण सत्काराच्या दिवशी तोंड कसं उघडायचं?

काकूंचे दात वाजायला लागले. आडोसा नसेल तर ओला रेनकोट काढायचा नाही, हे त्यांनीच शेकडो लोकांना सांगितलेलं. त्यांनी लाल पट्टा आवळला, पिशवी उचलली आणि चालायला लागल्या. ओल्या अंगाने एक पाऊलही चालायचं नाही, हा नियम मोडून. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. पाय वळले ते समोर, जिकडे इतकी वर्षं नजर होती तिकडे, पंपघराकडे. बाजूच्या तारेच्या कुंपणाला एक माणूस जाईल एवढी वाट होती, चांगली मळलेली. काकू तिथून भिंतीच्या मागे गेल्या.

वारा थांबला. कमी झाला नाही, थांबला. कानातला आवाजसुद्धा गेला. मागच्या अंगाला पुढे आलेली पत्र्याची पडवी होती, खाली फरशी, आणि फरशीवर ऊन. बसायला दगड होता. काकू क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग सवयीने, आधी वरचे कपडे उतरवले, अंग पुसलं, कोरडं लोकरी घातलं, टोपी बदलली, मग खालचे. बोटं नीट चालत होती. कुणी घाई करत नव्हतं, कुणाची पाठ गार पडत नव्हती. तळ्यापासून चार पावलांवर चार माणसं ऐसपैस बसतील अशी जागा होती.

दगडावर बसून पायमोजे चढवताना त्यांचं लक्ष फरशीकडे गेलं. कोपऱ्यात काड्या होत्या. जळलेल्या, आणि प्रत्येक काडी मधोमध मोडलेली. वरच्या ताज्या, खालच्या पावसापाण्याने काळ्या पडलेल्या, आणि त्याखालच्या नुसता भुगा झालेल्या. मधेमधे सिगारेटची थोटकं, दातांनी चावलेली. काकूंनी ती काडी जगात कुठंही ओळखली असती. सिगारेट सोडली म्हणून सरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, त्यानंतरही धुण्यात शर्टाच्या खिशातून अशाच मोडक्या काड्या निघायच्या, आणि काकू त्या गुपचूप चुलीत टाकायच्या. ओढेना का माणूस, म्हणायच्या, एवढं राबतो.

काडी पेटवायला जागा लागते. वारा नसलेली जागा.

सिगारेटचं त्यांना काही नव्हतं. पण इकडे त्या भिंतीकडे बघत हात फाकवून उभ्या, आणि त्याच भिंतीच्या पाठीमागे हा माणूस रोज उन्हात बसत होता. काकूंना इतका संताप आला की अंगातली उरलीसुरली थंडी त्यानेच गेली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही.

पावलं वाजली. सर कुंपणाच्या वाटेने आत आले, आडोसा खांद्यावर, सिगारेट ओठांत, खिशात काडेपेटी चाचपत. सत्कार झाला असावा, चेहऱ्यावर तेज होतं. काकूंना पाहून ते दचकले आणि सिगारेट लपवायला हात वर नेला, मग राहू दिला.

"तू इथं? मी तिकडे शोधतोय. चल, धरतो ना आडोसा."

"बदलले कपडे," काकू म्हणाल्या. "इथं वारा नाही."

"हो," सर म्हणाले, आणि काडी ओढली. "इथं कधीच नसतो."

काडी पेटली. ज्योत सरळ उभी राहिली, जराही हलली नाही. ती सिगारेटपर्यंत नेता नेता सरांचा हात मधेच थांबला. त्यांनी ज्योतीकडे पाहिलं, मग खालच्या काड्यांकडे, मग काकूंकडे. काडी बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती टाकली. मोडायची राहिली.

काकूंनी ओले कपडे पिळून पिशवीत भरले. उठल्या. सरांनी खांद्यावरचा आडोसा उतरवला आणि सवयीने त्यांच्यापुढे केला, घडी घालायला.

काकूंनी हात पुढे केला नाही. त्या त्यांच्या शेजारून, मळलेल्या वाटेने बाहेर आल्या. वारा होताच. त्यांनी टोपी कानांवर ओढली आणि घराकडे चालायला लागल्या.